ॲक्सोलॉटलच्या अंगावर पांढरा कापूस दिसतोय? औषधाआधी पाणी तपासा!

लातूर : फिश टँकच्या दुकानात माशांच्या शेजारी हल्ली एक वेगळाच प्राणी दिसतो. गुलाबी-पांढरं अंग, चार पाय, लांब शेपूट, मानेच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे तीन-तीन तुरे आणि कायम हसल्यासारखं तोंड. दुकानदार त्याला ‘चालणारा मासा’ म्हणून विकतात. मुलांना मात्र मोबाइल गेममुळे त्याचं खरं नाव पाठ असतं : ॲक्सोलॉटल. रील बघितली, पोरांनी हट्ट धरला, की हा प्राणी पिशवीतल्या पाण्यातून थेट खेड्यातल्या घरात येतो.

हिवाळाभर सगळं ठीक चालतं. मार्च उजाडला की एके दिवशी सकाळी तुऱ्यांवर कापसासारखं काहीतरी पांढरं दिसतं. दोन दिवसांत ते पायावर, पाठीवर येतं. प्राणी खायचं सोडतो. मग घरातला प्रत्येक जण एकेक उपाय सांगतो. चिमूटभर हळद टाका, कडुलिंबाचं पाणी घाला, जंतुनाशकाचे दोन थेंब सोडा, खोबरेल चोळा. गायी-म्हशीच्या जखमेला जे चालतं ते इथेही चालेल, असं आपल्याला वाटणं साहजिक आहे. पण इथे नेमकं तेच घात करतं. आजारातून एक वेळ उठला असता असा प्राणी उपायाने जातो.

मासा नाही आणि पालही नाही

ॲक्सोलॉटल हा सॅलॅमँडर आहे. सॅलॅमँडर म्हणजे शेपूट असलेला उभयचर, बेडकाचा चुलत भाऊ म्हणा. दिसायला पालीसारखा, पण पालीच्या अंगावर कोरडे खवले असतात, याचं अंग बेडकासारखं ओलं आणि बुळबुळीत. महाराष्ट्रात सॅलॅमँडर नाहीत. भारतात ते दार्जिलिंग, सिक्कीम आणि ईशान्येकडच्या डोंगरांत सापडतात. आपल्याकडे त्याचे नातेवाईक म्हणजे बेडूक आणि कोकण-घाटातलं देवगांडूळ.

हा प्राणी मूळचा मेक्सिकोचा. मेक्सिको सिटी शहराच्या कडेला सोचिमिल्को नावाच्या जुन्या तलावाचे कालवे आहेत, तिथला. ती जागा समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटरच्या आसपास उंच, म्हणजे महाबळेश्वरपेक्षा कितीतरी वर. तिथलं पाणी बारमाही गार. १८६४ साली तिथून ३४ प्राणी पॅरिसला नेले गेले आणि तिथून त्यांची पैदास जगभर पसरली. गंमत बघा, जगभरच्या टाक्यांत आज ते ढिगाने आहेत, पण मूळ गावी संपत चाललेत. १९९८ मध्ये सोचिमिल्कोत एका चौरस किलोमीटरला सुमारे ६,००० प्राणी मोजले होते, २०१४ मध्ये ३६ उरले.

आता मुद्द्याची गोष्ट. आपली कातडी म्हणजे आत काही शिरू नये म्हणून घातलेलं कुंपण. सॅलॅमँडरची कातडी ही उघडी खिडकी आहे. तो तुऱ्यांतून श्वास घेतो, थोडा फुप्फुसातून घेतो आणि बराचसा कातडीतून घेतो. पाणीही तो तोंडाने पीत नाही, कातडीतून शोषतो. त्यामुळे टाकीत जे पडेल ते थेट त्याच्या रक्तात जातं. त्याच्या अंगाला हळद-तेल लावणं म्हणजे आपल्या फुप्फुसाला आतून हळद-तेल लावण्यासारखं आहे.

कातडीवरचा बुळबुळीत थर हेच त्याचं चिलखत. हा थर शाबूत असेल तोवर बुरशी अंगाला चिकटत नाही. आपण साबणाच्या हाताने उचललं, तेल चोळलं, ब्रशने घासलं की पहिल्यांदा जातो तो हाच थर.

कापूस येतो कुठून?

तो पांढरा कापूस बहुतेक वेळा पाण्यातली बुरशी असते. ही बुरशी बाहेरून येत नाही. विहीर, ओढा, तळं, टाकी, सगळीकडे ती असतेच. पाण्यात कुजलेल्या पानावर, मेलेल्या माशावर पांढरे धागे दिसतात ना, तीच. ती धट्ट्याकट्ट्या प्राण्याच्या वाटेला सहसा जात नाही. अंग अशक्त झालं, जखम झाली, की बसते. म्हणून कापूस दिसला तर समजायचं की काहीतरी आधीच बिघडलेलं आहे आणि ते बहुतेक वेळा पाण्यात आहे.

पहिला संशयित उष्णता. ॲक्सोलॉटलला १६ ते १८ अंश सेल्सिअस पाणी मानवतं, २० पर्यंत चालतं. २२ च्या वर तो कासावीस व्हायला लागतो आणि २४ च्या वर बरेच दिवस राहिला तर जगणं अवघड. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याच्या घरात टाकीतलं पाणी सहज तिशीला टेकतं. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो, प्राण्याची प्रतिकारशक्ती खचते आणि जंतूंची मात्र चैन होते. भिंतीवरचं थर्मामीटर बघून उपयोग नाही, पाण्यात बुडणारं थर्मामीटर घ्या. फिश टँकच्या दुकानात ते स्वस्तात मिळतं आणि कुठल्याही औषधाच्या बाटलीपेक्षा जास्त कामाचं आहे.

दुसरा संशयित अमोनिया. गोठा चार दिवस झाडला नाही तर डोळ्यांना झोंबतं तोच वायू. जनावर निदान दिवसा बाहेर चरायला जातं. टाकीतला प्राणी मात्र चोवीस तास स्वतःच्या मूत-शेणातच श्वास घेतो. उग्र अमोनियाने त्याची कातडी आणि तुरे अक्षरशः भाजतात. टाकीच्या फिल्टरमध्ये उपयोगी जिवाणू वाढले की ते हा अमोनिया पचवतात, पण ते वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. आपण काय करतो? रविवारी टाकी घेतो, रविवारीच प्राणी सोडतो. वर फिल्टर घाण दिसला की नळाखाली धरून स्वच्छ धुतो, म्हणजे उरलेले जिवाणूही गेले. फिल्टरचा स्पंज धुवायचा तर टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळून घ्यायचा.

तिसरा संशयित क्लोरीन. ग्रामपंचायत पाण्यात टीसीएल पावडर टाकते ती आपल्या आरोग्यासाठी. पावसाळ्यात साथीच्या भीतीने कधी कधी हात सैल सुटतो आणि नळाच्या पाण्याला वास येतो. तेच पाणी सरळ टाकीत ओतलं की कातडी सोलवटते. उघड्या बादलीत पाणी २४ तास ठेवून, शक्य असेल तर त्यात हवेचा पंप सोडून मग वापरा. घाई असेल तर दुकानात मिळणारे अँटी-क्लोरीनचे थेंब बाटलीवरच्या प्रमाणात घाला.

बोअरचं पाणी वापरणाऱ्यांचं काय? क्लोरीनची भीती नाही. पाणी जड असतं, भांड्यावर पांढरे डाग पडतात, पण या प्राण्याला उलट जड पाणीच मानवतं. फक्त बोअरमधून ताजं उपसलेल्या पाण्यात प्राणवायू कमी असतो, म्हणून ते बादलीत खळबळवून, रात्रभर ठेवून घ्या. बोअर उकिरड्याजवळ किंवा भरपूर खत पडलेल्या शेतात असेल तर मात्र त्यात नायट्रेट जास्त निघू शकतं. एक चूक उन्हाळ्यात सर्रास होऊ शकते. थंडगार मिळतं म्हणून जारचं पाणी टाकीत ओतायचं. जारच्या पाण्यातले क्षार मशीनने काढलेले असतात. नुसत्या अशा पाण्यात या प्राण्याच्या शरीरातलं क्षारांचं गणित बिघडतं, शिवाय एकदम थंड पाण्याचा झटका बसतो तो वेगळाच.

प्रत्येक पांढरा डाग बुरशी नसतो

कापसासारखं, धागे पाण्यात हलताना दिसणारं असेल तर ती बुरशी. पण सपाट, करडा किंवा पिवळसर चट्टा असेल आणि एका दिवसात तो पसरला असेल, तर तो जिवाणूचा आजार असू शकतो. गरम पाण्यात तो फार वेगाने वाढतो. घरगुती उपायांत वेळ घालवू नका, डॉक्टर गाठा. पोटावर, मांडीवर रक्त साकळल्यासारखे लाल चट्टे आले असतील तर जंतू रक्तात गेल्याची शक्यता असते आणि हातात वेळ कमी असतो.

उलट काही गोष्टींना घाबरण्याचं कारण नाही. पातळ, पारदर्शक पापुद्रा सुटताना दिसला तर प्राणी कात टाकत असेल. वाढत्या वयात हे होतंच. तुरे कधी गडद लाल, कधी फिके दिसतात, तेही चालतं. दोन प्राणी एकत्र ठेवले आणि एकाने दुसऱ्याचा पंजा कुरतडला, तर त्या टोकाला पांढुरका कोंब दिसतो. तो नवा पाय येतोय! तुटलेला पाय पुन्हा उगवणं ही या प्राण्याची जगप्रसिद्ध खासियत, त्यासाठीच शास्त्रज्ञ दीडशे वर्षं त्याच्या मागे आहेत. पण जखम उघडी असेपर्यंत पाणी चकाचक ठेवा, नाहीतर त्याच कोंबावर बुरशी बसते.

तुरे पुढच्या बाजूला वळलेले आणि शेपटीचं टोक हुकासारखं वाकलेलं, ही तणावाची खूण. कापूस यायच्या आधी बरेचदा ही खूण दिसते. तेव्हाच पाण्याचं तापमान बघितलं तर पुढचं बरंच टळतं.

दिसल्या दिवशी काय करायचं

एक स्वच्छ प्लॅस्टिकचा टब घ्या. कपडे धुवायचा नको आणि फवारणीचं औषध कालवलेला तर अजिबात नको. पाच ते दहा लिटर क्लोरीन नसलेलं पाणी भरा. सुरुवातीला हे पाणी टाकीइतक्याच तापमानाचं असावं, मग हळूहळू गार करत न्यायचं, तासाला एखाद-दुसरा अंश. प्राणी हाताने धरू नका, भांड्याने पाण्यासकट उचला. टबवर जाळी किंवा हवा जाईल असं झाकण ठेवा, कारण बेचैन प्राणी उडी मारतो. जागा अंधारी आणि गार असावी. टबमधलं सगळं पाणी रोज बदलायचं. नवं पाणी आधीच बाजूला भरून ठेवा, म्हणजे दोन्हींचं तापमान सारखं राहील.

साधी, एखाद-दुसऱ्या जागची बुरशी नुसत्या गार आणि स्वच्छ पाण्यानेही मागे हटते. जोडीला मिठाची अंघोळ हा जुना, बऱ्यापैकी भरवशाचा उपाय. एका लिटर पाण्याला सुमारे १० ग्रॅम, म्हणजे चहाचे सपाट दोन चमचे मीठ. आयोडीन किंवा इतर काही न मिसळलेलं मीठ घ्या, फिश टँकच्या दुकानात वेगळं मिळतं. मीठ पूर्ण विरघळवा, मगच प्राणी सोडा. मोबाइलवर १० मिनिटांचा अलार्म लावा. त्याहून जास्त ठेवलं तर तुरे आणि कातडी होरपळते. तडफडायला लागला तर वेळ न बघता बाहेर काढा आणि साध्या पाण्याच्या टबमध्ये सोडा. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, असं तीन-चार दिवस. कापूस आपोआप गळतो. चिमट्याने किंवा कानातल्या काडीने ओढू नका, खालची कातडी त्याच्याबरोबर येते. मुख्य टाकीत कायमचं मीठ टाकून ठेवू नका.

हौशी लोक कोऱ्या चहाच्या फिक्या पाण्याचाही उपाय करतात. साखर-दूध-आल्याशिवाय, हे सांगायला हवं! चहातल्या तुरट द्रव्याने कातडी थोडी घट्ट होते, एवढाच त्याचा हिशेब. शाळेच्या आवारात बदामाचं मोठं झाड असतं, लाल होऊन गळणाऱ्या रुंद पानांचं, त्याची वाळकी पानंही याच कारणासाठी वापरतात. फवारणी न झालेल्या झाडाची, धुतलेली पानं घातली तर नुकसान नाही. पण खरं काम गार पाणीच करतं, याला फक्त जोड म्हणा.

काही जण प्राण्याला डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवायला सांगतात. बुरशी थंडीत मंदावते हे खरं, परदेशातले हौशी लोक हे करतातही. आमचं मत विचाराल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय या वाटेला जाऊ नये. दिवसातून दोनदा वीज जाणार, फ्रिज शंभरदा उघडणार, तापमान वर-खाली होत राहणार. त्या झटक्यांनी प्राणी आणखी खचतो.

दुकानातली बाटली

दुकानदार एक निळं औषध देतो, मिथिलीन ब्लू. बुरशीवर ते चालतं, पण फक्त वेगळ्या टबमध्ये. मुख्य टाकीत टाकलं तर फिल्टरमधले जिवाणू मरतात आणि अमोनिया पुन्हा चढतो. बाटलीगणिक औषधाची तीव्रता वेगळी असते, म्हणून डोस अंदाजाने घालू नका. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवरची जी औषधं असतात त्यांत बरेचदा मॅलाकाइट ग्रीन, फॉर्मेलिन किंवा तांबं असतं. माशाला ती एक वेळ सोसतात, सॅलॅमँडरला सोसत नाहीत. बाटलीवर घटक लिहिलेले नसतील तर ती घेऊच नका.

हातांचीही गोष्ट सांगायला हवी. कापसावर फवारणी करून आलात, तंबाखू मळली, किंवा साबण नीट धुतला नाही, आणि तोच हात टाकीत घातला, तर तेवढंही पुरतं. साध्या पाण्याने हात भरपूर धुवायचे आणि ओल्या हातानेच काम करायचं.

खाणं? गांडूळ उत्तम. मात्र फवारणी नसलेल्या जागेतलं, स्वच्छ धुतलेलं. गांडूळखताच्या बेडमधली लाल गांडुळं कडवट लागतात, बरेच प्राणी ती थुंकून टाकतात. तसं झालं तर लगेच आजारी समजू नका. न खाल्लेलं अन्न अर्ध्या तासात उचला, बुरशीला तेच पहिलं घर. टाकीत बारीक खडेही नकोत, तो गिळतो. टोकदार शिंपले-दगडांनी कातडी फाटते.

उन्हाळ्यात पाणी गार कसं ठेवायचं?

टाकी जमिनीलगत, उत्तरेकडच्या खोलीत, पत्र्यापासून लांब. पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा तिरका लावला तर पाणी उडून जाताना दोन-तीन अंश उतरतं. आपल्याकडची कोरडी हवा इथे कामाला येते, कोकणातल्या दमट हवेत एवढा फरक पडत नाही. माठाला ओलं फडकं गुंडाळतो तसं टाकीच्या तीन बाजूंना ओलं पोतं लावलं तर आणखी थोडा आधार मिळतो. गोठवलेल्या पाण्याची बंद बाटली टाकीत सोडता येते, पण सकाळी एक, दुपारी एक अशी वेळ सांभाळावी लागते. एका दिवशी चार बाटल्या आणि दुसऱ्या दिवशी शून्य, हे नुसत्या गरमीपेक्षा वाईट.

आणि हेही स्पष्ट सांगतो : बाहेर ४१ अंश असताना पंखा-पोत्याच्या जोरावर पाणी २० अंशांवर येत नाही. त्यासाठी चिलर लागतो. तो प्राण्याच्या किमतीपेक्षा कितीतरी महाग असतो आणि वीज गेली की बंद पडतो. विकताना हे कुणी सांगत नाही. अजून घेतला नसेल तर घेऊ नका. घरात पोरांना हौस असेल तर आपल्या उष्णतेत तग धरणारे गप्पी, मोली असे मासे आहेत की.

डॉक्टर आणि कागद

गावातल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात सॅलॅमँडर रोज येत नाहीत, तरी डॉक्टरांना दाखवायला संकोच करू नका. आपल्याच जिल्ह्यात उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, मुंबईत परळला आहे, साताऱ्यात शिरवळला आहे. एवढ्या लांब आजारी प्राणी नेण्याआधी फोनवर विचारा. दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न मारता, बाजूने आणि वरून व्हिडिओ काढून ठेवा. पाण्याचं तापमान, शेवटचं पाणी कधी बदललं, आतापर्यंत काय काय टाकलं, हे खरं खरं सांगा. हळद टाकली असेल तर तेही सांगा. प्राण्याचं वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर पाण्याच्या भांड्यासह करता येतं, आधी भांडं-पाणी मोजायचं, मग प्राण्यासह. शे-दोनशे ग्रॅमच्या प्राण्याला प्रतिजैविकाचा डोस वजनावरच ठरतो. गुरांसाठी आणलेल्या इंजेक्शनातलं उरलेलं देणं म्हणजे जीवच घेणं.

कायद्याचीही बाजू आहे. ॲक्सोलॉटल आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या प्रजातींच्या यादीत आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली बदल झाला आणि अशा परदेशी प्राण्यांची नोंदणी बंधनकारक झाली. २०२४ च्या नियमांनुसार ही नोंदणी परिवेश २.० या केंद्र सरकारच्या पोर्टलवर होते. प्राणी दुसऱ्याला दिला, पिल्लं झाली किंवा मेला, तरी तिथे कळवायचं असतं. विकत घेताना कागद मागा. दुकानदार ‘कशाला लागतो कागद’ म्हणाला तर काय ते समजून घ्या. हिमालयातले आपले सॅलॅमँडर पकडणं आणि पाळणं हा तर सरळ गुन्हाच.

प्राणी सांभाळणं जमत नाही म्हणून तो विहिरीत, शेततळ्यात किंवा तेरणा-मांजरेच्या पात्रात सोडू नका. उन्हाळ्यात तो मरेल हे एक. दुसरं जास्त गंभीर आहे. उभयचरांच्या कातडीला खाणारी एक वेगळी बुरशी जगभर पसरली असून तिने बेडकांच्या अनेक जाती संपवल्या आहेत. ॲक्सोलॉटल ती अंगावर बाळगू शकतो आणि वरून ठणठणीत दिसू शकतो. पश्चिम घाटातल्या बेडकांतही ती आढळली आहे. तिचीच एक बहीण २०१३ मध्ये नेदरलँड्समधल्या सॅलॅमँडरांत सापडली, तिथली जवळजवळ सगळी वस्ती तिने संपवली. तिच्या धास्तीने अमेरिकेने २०१६ मध्ये सॅलॅमँडरच्या २०१ जातींची आयात बंद केली. शेतात किडे खाणारा बेडूक आपल्या किती कामाचा आहे, हे शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको.

म्हणून आजारी प्राण्याच्या टबमधलं पाणीही नालीत किंवा ओढ्यात ओतू नका. त्यात ब्लीचिंग पावडर टाकून तासभर ठेवा आणि विहिरीपासून लांब, उन्हात तापणाऱ्या कोरड्या जमिनीवर ओता. टब, जाळी, भांडं धुऊन दोन दिवस कडक उन्हात वाळवा. प्राणी दगावला तर उकिरड्यावर फेकू नका, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा.